उलट बाजू

पवननगरच्या भाजीबाजारामागे माझं दुकान:
पिको, फॉल, ब्लाउज, जुन्या कपड्यांची डागडुजी.
एक बल्ब, एक पंखा, आणि दिवाळीपासून
पायरीवर बसणारी मनाली भोये.

शाळा साडेबाराला सुटते.
घराला कुलूप, म्हणून ती इथे.
पहिल्या दिवशी म्हटलं, ऊन आहे, आत ये.
दुसऱ्या दिवशी, पोळी खाशील का?
तिसऱ्या दिवशी मी एक पोळी जास्तीची आणली होती
आणि हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

खाते कशी, ते सांगते:
अर्धी खाते. उरलेली अर्धी
दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, पेन्सिलीशेजारी.
"कुणासाठी गं?"
"रात्रीसाठी."
मी मशीन चालू केलं, उगाच,
सुईखाली कापड नसताना.

नखं वाढलेली. डावा कान वाहतो.
कोपरापाशी भाजल्याचा डाग, रुपयाएवढा.
चहा सांडला, म्हणाली.
सोमवारी म्हणाली, तवा लागला.
मापं घेणारी बाई मी.
मला अर्ध्या इंचाचा फरक झोपू देत नाही.

निमसेवहिनी म्हणाल्या, "नसत्या भानगडीत पडू नका.
आज पोरगी, उद्या तिचा बाप दारात."
बाप नाहीये, म्हटलं.
"मग तर अजूनच."

शाळेच्या भिंतीवर मुलांसाठीचा नंबर रंगवलाय.
मी एक दाबला. शून्य. नऊ.
आठावर अंगठा धरून बसले
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.
कुणी येईल, वहीत लिहील, तिला गाडीत बसवेल.
ती काचेतून माझ्याकडे बघेल, की नाही बघणार?
आणि नाहीच केला फोन,
आणि एखाद्या दुपारी पायरी रिकामी राहिली तर?

जानेवारीत निफाडकडून थंडी आली, टाचण्यांसारखी.
ती स्वेटरशिवाय, हातात काहीतरी घट्ट धरून.
"आईने दिलंय तुम्हाला."
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत द्राक्षांचे मणी,
घडातून गळलेले, पेटीत न गेलेले,
पेटीतल्या औषधी कागदाचा वास लागलेले.
म्हणजे आईला मी माहीत आहे.
म्हणजे आई पिंपळगावला, पॅकहाउसमध्ये,
पहाटे चारच्या टेम्पोने.
खाल्ले नाहीत मी. वाटीत ठेवून
पुराव्याकडे बघावं तशी बघत राहिले.

मग परवा तिच्या फ्रॉकचं बटण तुटलं.
ती माझी शाल गुंडाळून स्टुलावर.
मी फ्रॉक उलटा केला.
सुलट बाजू काय, कुणीही इस्त्री करून दाखवतं.

खालची दुमड दोनदा सोडलेली,
जुन्या टाक्यांची भोकं नखाने दाबून मिटवलेली.
काखेतलं ठिगळ परक्या कापडाचं, पण दोरा रंगाला रंग.
आणि कॉलरच्या आत, लाल दोऱ्याने,
न शिकलेल्या हाताने, दहा आकडे.
सातवा चुकलेला, उसवलेला, परत घातलेला.
कुठल्या रात्री? टेम्पोच्या किती आधी?

बटण लावलं. चार भोकं, दुहेरी दोरा.
मग ते आकडे दाबले, दहाच्या दहा.
फोन बंद.

"तिथं दारातच काढून घेतात फोन,"
मनाली शालीतून म्हणाली, मीच लहान असल्यासारखं.
असेल.
कान अजून वाहतो. उद्या मोरवाडीच्या दवाखान्यात नेईन.
रुपयाएवढ्या डागाच्या अजून दोन गोष्टी आहेत.

आज टेम्पो परत येईपर्यंत दुकान उघडं ठेवणार आहे.
बाई उतरली की आधी तिचे हात बघीन,
मग तोंड. मग विचारीन...
काय, ते अजून जिभेवर बसत नाही.

मनाली अर्धी पोळी पेन्सिलीशेजारी सरकवते.
मी डब्यातून आणखी एक काढते.
ही इथे खा, म्हणते.
ही आत्ताची.